बाल्टीतलं यंत्र

तोंडातला घोट गिळून घ्या आधी. मागच्या खेपेला हे सांगत होते, तेव्हा माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला आणि बोल मला लागला. माझ्या हातून गाढवपणे पुष्कळ झालेत, त्यांचं काही नाही. पण अख्ख्या कॉलनीला अंगणात गोळा करून, घसा ताणून भाषण ठोकून, मग स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती जमिनीवर उलटी करून दाखवणारी बाई साऱ्या काशीत मी एकटीच असेन!

तर झालं असं. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही भोसले घाटामागच्या गल्लीत, सासरच्या घरी होतो. मग ह्यांना सरकारी क्वार्टर मिळालं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सोळा क्वार्टरं, मधे अंगण, अंगणात कडुनिंब. पंधरा घरं इकडचीच आणि सात नंबरचं आमचं एक मराठी. कॉलनीत माझं नावच पडलं, मराठिन बहू.

नंदू तेव्हा दहा महिन्यांचा. वर दोन, खाली दोन, असे चार दात. गाल असे की येणारा-जाणारा ओढून गेल्याशिवाय राहायचा नाही. आणि मी? मी म्हणजे काळजीचं भांडार. नंदू रडला तर पोट दुखत असेल. हसला तर, बाई गं, आज फार हसतोय! गाढ झोपला तर नाकापाशी बोट धरून श्वास बघायची, त्यानं तो जागा व्हायचा, रडायचा, की परत पोट दुखत असेल.

त्याच सुमारास कॉलनीत कायदा आला.

कायदा आणला आमच्या समितीच्या सचिवांनी, तिवारीजींनी. तीन नंबरात राहायचे. कचऱ्यापासून खत कसं होतं ते कुठूनसं ऐकून आले आणि त्यांच्या अंगात ते खतच संचारलं. समितीत ठराव पास. प्रत्येक घरानं दोन बाल्ट्या ठेवायच्या. हिरवीत ओलं, निळीत सुकं. संध्याकाळी दोन्ही जिन्याखाली रांगेत आणून ठेवायच्या. सकाळी ओलं मागच्या खड्ड्यात, सुकं कबाडीवाल्याला. सक्तीचं! जो मिसळेल त्याचं नाव फाटकावरच्या काळ्या फळ्यावर.

खोटं कशाला बोलू, मला तो कायदा पटला होता. घाटाजवळ राहिलेल्या माणसाला विचारा, पाण्यातून काय काय वाहत येतं ते.

पण नुसता कायदा करून थांबतील ते तिवारीजी कसले! रोज सकाळी सातला एका हातात हातभर लांब लोखंडी चिमटा, दुसऱ्या हातात रजिस्टर, आणि तपासणी सुरू. झाकण उघडायचं, चिमट्यानं ढवळायचं, आणि जे दिसेल ते सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं.

"क्या वर्माजी, कल फिर लौकी? भाभीजी नाराज हैं क्या?"

"अरे गुप्ताजी! ससुराल से चिट्ठी आई और आपने फाड़ भी दी? चार टुकड़े?"

कोण काय खातो, कुणाचे केस गळतात, कुणाला कसली गोळी चालू आहे, ते साडेसातच्या आत सोळाही घरांना ठाऊक. गुप्ताजींच्या बायकोनं तर ती चिट्ठी बाल्टीतून काढून पिठाच्या खळीनं जोडली आणि तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

याला विरोध केला फक्त एका बाईनं. अकरा नंबरच्या श्रीवास्तव भाभींनी. शाळेत शिकवायच्या, बोलणं शांत, साडी कडक इस्त्रीची. बाल्टीवर त्या वर्तमानपत्र झाकून वर वीट ठेवायच्या.

"तिवारीजी, गीला-सूखा मैंने अलग कर दिया है। मेरी ज़बान पर भरोसा कीजिए। झाँकिए मत। जैसे खिड़की का पर्दा होता है, वैसे कूड़े का भी होता है।"

"क़ानून माने क़ानून, बहिनजी!"

"क़ानून कूड़े के लिए है कि हमारी रसोई के लिए?"

मी आपली नंदूला कडेवर घेऊन ऐकत होते. घरी येऊन ह्यांना म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल, तर माणूस झाकेल कशाला हो?" हे माझं वाक्य जरा लक्षात ठेवा.

आणि गंमत बघा, लपवत मीसुद्धा होतेच!

नंदूला दात येत होते ना, त्यानं त्याचं पोट बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, दिवसातून किती वेळा होते, कशी होते, ते रोज लिहून आणा. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण कोष्टक आखण्यात वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पट्टी घेऊन चौकटी आखल्या. उभे वार, नुसत्या पहिल्या अक्षरांनी, आडव्या वेळा. आणि आत खुणा. पिवळी असेल तर ठिपका, हिरवी असेल तर फुली, पातळ असेल तर लहर. आणि अगदीच कहर झाला तर त्रिकोण. शब्द मुद्दाम नाही लिहिले. उद्या कुणाच्या हाती कागद पडला तर? आपल्या लेकराच्या पोटातलं साऱ्या जगानं कशाला वाचायचं?

एक कच्चं कोष्टक, एक पक्कं. पक्कं डॉक्टरांना. कच्चं टाकायचं कुठं? निळ्या बाल्टीत टाकलं तर सकाळी तिवारीजी चिमट्यात धरून उभे! म्हणून मी ते कागद साठवून ठेवले. आणि त्यांचा उपयोगही शोधून काढला. नंदूच्या दृष्टीच्या पुड्या बांधायला.

दृष्ट मी दर शनिवारी काढायची. तिन्हीसांजेला मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या, माझ्या केसांचं गुंतवळ, मुठीत धरून लेकरावरून ओवाळायचं. सासरच्या घरी कोळशाची शेगडी होती, तिच्यात टाकलं की तडतड जळून जायचं. इथं गॅस. एकदा तव्यावर जाळून पाहिलं. त्या मिरच्यांनी नंदू खोकला, मी खोकले, शेजारचे वर्माजी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर पळाले. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सूनबाई, पुडी बांधायची आणि तिठ्यावर टाकायला लावायची. नेणाऱ्यानं जाताना कुणाशी बोलायचं नाही, येताना मागं बघायचं नाही, आल्यावर पाय धुवायचे. आणि त्या पुडीचं पुन्हा नाव काढायचं नाही."

फाटकाबाहेर पानवाल्यापाशी तीन रस्ते मिळायचे. नंदूला सोडून मी कशी जाणार? म्हणून पुडी ह्यांच्या हातात. हे तसेही कमी बोलणारे, त्यामुळे न बोलण्याचा नेम त्यांना जड जायचं कारण नव्हतं. दुसऱ्या शनिवारी तर दोन मिनिटांत जाऊन परत आले, निमूट पाय धुतले. मी मनात म्हटलं, काय झपाझप चालतात हो!

तुम्ही हसताय? मला तेव्हा नाही आलं हसू.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी तिवारीजींची आरोळी आली. "हाय राम!" मागोमाग चिमटा फरशीवर पडल्याचा खणखणाट. सगळे धावले. मी नंदूला न्हाऊ घालत होते, मला जाता आलं नाही. तिवारीजींच्या स्वतःच्या बाल्टीत, खुद्द सचिवांच्या हिरव्या बाल्टीत, टोटका निघाला होता!

ही बातमी तीन नंबरातून निघून पाच-सहा घरं फिरून माझ्या दारात आली, तोवर तिच्यात काळे तीळ होते, लाल कापड होतं, कसलंसं हाड होतं, बाईचे हातभर लांब केस होते. आणि सगळं कशात बांधलेलं? तर यंत्रात! तांत्रिक लोक काढतात तसलं, चौकटी-चौकटींचं, आत चिन्हं भरलेलं यंत्र. तिवारीजींनी म्हणे ते हातानं शिवलंसुद्धा नाही. बांबूच्या टोकाला लटकवून, बांबू सायकलला बांधून, थेट गंगेवर नेलं आणि पाण्यात सोडून वर स्वतः सात डुबक्या मारल्या.

तुम्ही म्हणाल, अगं बये, तुझ्या डोक्यात उजेड कसा पडला नाही?

कसा पडेल? मी काढते ती दृष्ट. साधी, घरगुती, आईनं शिकवलेली. आणि हा तर टोटका! दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून करतात तो. दोन्हींचा काय संबंध? शिवाय माझी पुडी तिठ्यावर गेलेली. माझ्या डोक्यात एकच, या कॉलनीत कुणीतरी करणी करतंय आणि माझ्या घरात तान्हं लेकरू आहे!

मग मी काय करावं? शनिवारची वाट न बघता मंगळवारीच आणखी एक दृष्ट काढली.

पुडी ह्यांच्या हातात दिली, तर हे तिच्याकडे बघत उभेच. "अगं, मला वाटतं—"

"बोलू नका! पुडी हातात आहे!"

गेले. आले. पाय धुता धुता पुन्हा, "अगं, ती पुडी—"

"नाव काढू नका तिचं! मागं येते!"

त्यांना बोलू दिलं असतं तर हा किस्साच झाला नसता. पण तेव्हा मला अक्कल असती तर काय!

बुधवारी सकाळी मी बाल्टी उचलायला जिन्याखाली गेले, तर तिवारीजी आणि श्रीवास्तव भाभी समोरासमोर उभे. भाभींचा एक हात पदराआड.

"क्या छुपा रही हैं, बहिनजी?"

"कूड़ा है।"

"दिखाइए।"

"नहीं दिखाऊँगी। मेरी बाल्टी, मेरा कूड़ा।"

तेवढ्यात त्यांच्या पदराआडून एक लाल मिरची टपकन खाली पडली. तिवारीजी दोन पावलं मागं सरकले. मी चार. भाभींनी माझ्याकडे एकदा बघितलं, मिरची उचलली आणि वर निघून गेल्या.

झालं! दुपारपर्यंत सोळापैकी पंधरा घरांचा निकाल लागला. अकरा नंबर! म्हणूनच झाकून ठेवते! आणि मला आठवलं, आठवड्यापूर्वीच त्यांनी नंदूला मांडीवर घेऊन म्हटलं होतं, "हाय, कितना गोल-मटोल है! जी करता है चुरा लूँ!" चुरा लूँ! मी नंदूला घट्ट पोटाशी धरलं.

त्या संध्याकाळी भाभी माझ्या दारात आल्या. हातात लाकडी खुळखुळा होता. "बहू, ज़रा अंदर आऊँ? एक बात करनी थी।"

मी दार वीतभर उघडून म्हणाले, "मुन्ना सो रहा है।" आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागून खणखणीत आवाज आला, "बाऽऽ! बा-बा-बाऽऽ!"

भाभी खुळखुळा उंबऱ्यावर ठेवून गेल्या. मी तो चिमट्यानं उचलून बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. हो, चिमट्यानं! आता आठवलं की अजून कानशिलं तापतात.

तिवारीजींनी रविवारी सकाळी सभा बोलावली. आदल्या दिवशी शनिवार. मी म्हटलं, आता सात मिरच्यांनी भागायचं नाही. एकवीस घेतल्या. मूठभर मीठ, मोहरी, केरसुणीचे हीर, केसांचं गुंतवळ, वरून एक लिंबू. पुडी कसली, नारळ झाला! त्याला दोन कोष्टकं जोडून लावावी लागली. तो गोळा हातात घेऊन हे देवासारखे निश्चल उभे राहिले.

"अगं, माझं ऐक तरी एकदा—"

"एक शब्द नको!"

या खेपेला चांगला पाव तास लावून आले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आज नीट गेले.

रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका सोडून अख्खी कॉलनी निंबाखाली. बाल्ट्या रांगेत. तिवारीजी खुर्चीवर उभे.

"भाइयो और बहिनो! आज से हर बाल्टी सबके सामने खुलेगी। एक-एक करके। किसी को एतराज?"

श्रीवास्तव भाभी उठल्या. "मुझे है। एक की बात के लिए सोलह घरों का पर्दा उठाइएगा?"

गर्दीत कुजबूज सुरू झाली. आणि मग, बरं का, मी उभी राहिले. आयुष्यात चार माणसांपुढं तोंड न उघडलेली मी! कडेवर नंदू, पदर खोचलेला, आवाज असा की निंबावरचे कावळे उडाले.

"जिसके मन में चोर नहीं, वो बाल्टी क्यों ढकेगा? मेरे घर में छोटा बच्चा है! मुझे जानना है कि कौन कर रहा है! सबकी खोलिए! और शुरू मेरी बाल्टी से कीजिए!"

टाळ्या! खरंच टाळ्या पडल्या. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर ओढायला लागलं. हे होते. चेहरा पिठासारखा.

"अगं, खाली बस."

"सोडा हो!"

"अगं, आपली नको—"

"आपलीच पहिली!"

आणि मी, चिमट्याची वाटसुद्धा न बघता, सात नंबरची हिरवी बाल्टी उचलली आणि सगळ्यांच्या मधोमध उलटी केली.

दुधीची सालं पडली. चहाचा चोथा पडला. आणि मग, थप्प! चोथ्यानं माखलेला, भिजलेला, नारळाएवढा एक गोळा गडगडत तिवारीजींच्या खुर्चीच्या पायाशी जाऊन थांबला. एका बाजूनं फाटून त्यातून लाल मिरच्यांनी तोंडं बाहेर काढलेली.

आणि मी किंचाळले, "मेरे मुन्ने पर! मेरे मुन्ने पर किया!"

अहो, नाही ओळखला! देवाशपथ नाही ओळखला. माझा गोळा तिठ्यावर होता ना माझ्या हिशेबी! मी धाय मोकलून रडायला लागले, मला बघून नंदू, नंदूला बघून वर्मा भाभी. कुणी पाणी आणलं, कुणी माझी पाठ चोळली. तिवारीजींनी एका हातानं नाक धरून चिमट्यानं गोळा उकलला. मिरच्या मोजल्या.

"इक्कीस!"

"इक्कीस!" गर्दी म्हणाली.

मग लिंबू. मग केस. आणि शेवटी तो कागद. तिवारीजींनी तो उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला आणि कीर्तनकारासारखा आवाज लावला.

"देखिए! यंत्र! यह बिंदु देख रहे हैं? यह वश में करने का। यह क्रॉस, यह रास्ता काटने का। यह लहर, यह चित्त अस्थिर करने की। और यह... राम राम राम! त्रिकोण! श से शनि! शनि के घर में तीन-तीन त्रिकोण! बहुत भारी है, बहू, बहुत भारी!"

शनीच्या घरात तीन त्रिकोण.

माझं रडणं मध्येच अडकलं. मागल्या शनिवारी... तीन वेळा... दुपटी संपली होती, मग माझी जुनी साडी फाडली, मग गादी उन्हात...

मी कागदाकडे नीट बघितलं. पट्टीनं आखलेल्या रेघा. माझ्या रेघा. आणि खालचा कोपरा कुरतडलेला. लिहिताना नंदूनं ओढून तोंडात घातला होता, तो.

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. हे निंबाच्या शेंड्याकडे बघत होते. पानं मोजत असावेत.

आता बघा, मी गप्प बसले असते तर? कुणाला काही कळलं नसतं. उलट सगळ्या कॉलनीची माया माझ्यावर. पण मागून कुणीतरी ओरडलं, "ग्यारह नंबर की खोलो! अब तो खोलो!" आणि चार-पाच जण भाभींच्या बाल्टीकडे निघाले. भाभी विटेवर हात ठेवून उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता हो.

"रुकिए!" माझ्या तोंडून निघालं. "वो... वो मेरा है।"

"क्या तेरा है, बहू?"

"यंत्र।"

"तूने बनाया?" तिवारीजी खुर्चीवरून पडता पडता सावरले.

"जी। यंत्र नहीं है। मुन्ने का पेट खराब था। डॉक्टर ने लिखने को कहा था। और मिर्च... वो नज़र उतारी थी। मैंने ही।"

कुणाला काही उमजेना. तिवारीजी कागद अजून नाकाशी धरून होते. "पेट का लिखा है? तो यह बिंदु?"

"पीली।"

"और... क्रॉस?"

"हरी।"

तिवारीजींचा कागद धरलेला हात हळूहळू नाकापासून लांब जायला लागला. "लहर?"

"पतली।"

"और त्रिकोण?"

"तिवारीजी," मी हात जोडले, "त्रिकोण मत पूछिए।"

आधी गुप्ताजी फिसकन हसले. मग त्यांची बायको. आणि मग सगळं अंगण फुटलं! वर्माजी जमिनीवर बसून हसले. तिवारीजींना मात्र हसू येईना. ते बारीक आवाजात म्हणाले, "तो उस दिन मैं बाँस पर टाँगकर गंगाजी में जो ले गया..."

"जी।"

"और सात डुबकी..."

"जी।"

शेवटी ह्यांचं तोंड उघडलं. पहिल्या शनिवारी हे इमानानं तिठ्यावर निघाले होते. पानवाल्यापाशी ह्यांच्या ऑफिसातले मोठे साहेब उभे. साहेबांनी तीनदा हाक मारली, "कहिए केलकर बाबू!" पण बोलायचं नाही ना! हे हातात पुडी घेऊन मख्ख चेहऱ्यानं साहेबांसमोरून निघून गेले. सोमवारी ऑफिसात काय झालं ते हे आजही सांगत नाहीत. त्यानंतर तिठा बंद. पुडी गुपचूप जिन्याखालच्या हाताला लागेल त्या बाल्टीत. आपल्या बाल्टीत का नाही? तर कागद ओल्यात मिसळला म्हणून फळ्यावर आपलं नाव लागेल! आणि सभेच्या आदल्या रात्री दुसऱ्याची बाल्टी उघडताना कुणी पकडू नये म्हणून पाव तास अंगणात घिरट्या घालून शेवटी आपल्याच बाल्टीत, सालांच्या खाली.

"मैं तो बताना चाहता था," हे सगळ्यांना म्हणाले, "मगर घर में बोलने की मनाही थी।"

पुन्हा हशा!

गर्दी पांगली तेव्हा श्रीवास्तव भाभी माझ्यापाशी आल्या. पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. मंगळवारचं कोष्टक. पुसून, वाळवून, सरळ केलेलं.

"उसी दिन समझ गई थी। मेरी भतीजी का भी डॉक्टर ने ऐसे ही लिखवाया था। और यह कोना देखिए, चार दाँत। पूरी कॉलनी में चार दाँत वाले दो ही हैं, एक मुन्ना और एक तिवारीजी के पिताजी। पिताजी काग़ज़ नहीं खाते।"

मला हसावं की रडावं कळेना. "तो आप बोलीं क्यों नहीं, भाभी? सब लोग आपको... मैं भी आपको..."

"आपसे कहने आई तो थी। मुन्ना 'सो रहा' था।" आणि हसल्या. "और सबसे क्यों कहती? आपके घर की बात थी।"

त्या वेळी जमीन दुभंगली असती ना, तर मी पायऱ्या न मोजता खाली उतरले असते. मी नंदूलाच त्यांच्या हातात दिला. त्यानं लगेच त्यांची पर्स तोंडात घातली. खुळखुळा कोनाड्यातून मी हातानं काढून आणला. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून चिमटा गेला. तिवारीजी सकाळी नुसतं विचारतात, "अलग है न?" आपण म्हणायचं, "है।" की पुढं. आणि खरं सांगू? त्यानंतर मिसळणारं कुणी उरलंच नाही. खत असं झालं की निंबाखाली गुलाब फुलले. आमचं नाव मात्र आठ दिवस फळ्यावर होतं, खडूनं, ठळक: क्वार्टर नं. ७, मिर्च और काग़ज़ एक ही पुड़िया में। नियम म्हणजे नियम!

भाभींच्या विटेखाली काय असायचं? ते त्यांनी मला पुढं एकदा आपण होऊन सांगितलं. तुम्ही कितीही चहा पाजा, मी सांगणार नाही.

नंदू आता पहिलीत जातो. तिवारीजी अजून त्याला बघितलं की खिडकीतून ओरडतात, "का हो मुन्ना, आज बिंदु कि त्रिकोण?" आणि तो मला विचारतो, "आई, ते असं काय विचारतात गं?" मी म्हणते, भूमितीचं विचारतात, अभ्यास कर.

आणि हो, दृष्ट? अहो, काढते तर! असे गाल आणि दृष्ट नको? मिरच्या ओल्यात, कागद सुक्यात, अगदी नियमानं. फक्त कागद आता कोरा घेते.